पागोळ्यांचं पाणी आणि आमची वीस हजार लिटरची टाकी

११ मे २०२४ ला सकाळी सात वाजता आई (माझ्या सासूबाई) विहिरीवरून वर येताना पाखाडीवर घसरल्या. डावं मनगट मोडलं, दीड महिना प्लास्टर होतं. मी धावत गेले तेव्हा त्या हात धरून बसल्या होत्या आणि बघत होत्या पाखाडीच्या पायऱ्यांवरून खाली ओघळत जाणाऱ्या पाण्याकडे. तो एक हंडा भरायला त्यांना पाऊण तास लागला होता, कारण मे महिन्यात आमच्या विहिरीत कळशी बुडत नाही, तळाला उतरून वाटीने पाणी गोळा करावं लागतं, वाटी भरायची, हंड्यात ओतायची, परत झरा साचायची वाट बघायची. "सगळा गेला गो," एवढंच म्हणाल्या. हाताबद्दल दवाखान्यात पोचेपर्यंत एक शब्द नाही.

त्या दिवसापासून डोक्यात एकच होतं, की पुढचा नाहीतर त्याच्या पुढचा मे असा जाता कामा नये. पागोळ्यांचं पाणी साठवायची टाकी बांधायचं ठरवलं. टाकी व्हायला वर्ष लागलं आणि ती नीट वापरात यायला अजून जवळजवळ वर्ष. या काळात मला जे कोणी सांगितलं नाही, जे चुकलं, जे पैसे लागले ते सगळं लिहून ठेवतेय, कारण गेल्या महिन्यात दोन वेगवेगळ्या वाड्यांतून बायका टाकी बघायला येऊन गेल्या आणि दोघींचे प्रश्न अगदी माझेच होते.

आमचं घर संगमेश्वर तालुक्यात, डोंगराच्या उतारावरच्या एका वाडीत. घरात आम्ही चार जण, मी, नवरा, मुलगा आणि आई. पाऊस म्हणाल तर वर्षाला तीन-साडेतीन हजार मिलिमीटर, आणि तरीही मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात विहीर तळ दाखवते. माझं माहेर मुंबईचं, लग्न होऊन आले तेव्हा मला हे काही केल्या पटत नव्हतं, की जिथे चार महिने कपडे वाळत नाहीत तिथे पाण्याचा टँकर कसा येतो. पण खाली जांभा दगड आहे, तो जाळीदार, पाणी धरून ठेवत नाही, वरून उतार असा की पडलेलं पाणी बघता बघता पऱ्याला आणि पऱ्याचं नदीला. आता दारात नळ पण आलाय, पण नळाचं पाणी त्याच भागातल्या विहिरीतून येतं, विहीर आटली की नळ पण कोरडा.

म्हणजे आमच्याकडे पाऊस कमी नाही, भांडं कमी आहे. हे एकदा डोक्यात बसल्यावर मी हिशोब उलटा केला. लोक आधी विचारतात छपरावरून किती पाणी मिळेल. मी विचारलं आपल्याला किती दिवस काढायचेत? १० मार्चला विहीर आटली आणि १५ जूनपर्यंत पाऊस लागला असं धरलं तर साधारण शंभर दिवस. सरकारी योजनेत माणशी दिवसाला ५५ लिटर धरतात, आम्ही जरा आवरून ५० धरले, चार माणसांचे २०० लिटर, गुणिले शंभर, वीस हजार लिटर. झाला टाकीचा आकार. गुरंढोरं असतील, माणसं जास्त असतील तर हाच गुणाकार आपापला करायचा.

मग छप्पर. एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी, एवढं एकच सूत्र लक्षात ठेवायचं. कौलं थोडं पाणी पितात, थोडं उडतं, म्हणून शंभरातलं ८० धरायचं. आणि एक चूक मी केली ती तुम्ही करू नका, मी टेप लावून कौलांचा तिरका पृष्ठभाग मोजला, तसा नाही मोजायचा, छपराने खाली जेवढी जमीन झाकलीय तेवढीच मोजायची. आमचं पुढचं पाखं (छपराची पुढची उतरती बाजू) तसं मोजल्यावर ३६ चौरस मीटर भरलं. ३६ गुणिले ३,००० गुणिले ०.८, म्हणजे ८६ हजार लिटर. एका पाख्यातून टाकी चारदा भरते! हार्डवेअरवाले मला घराला चारी बाजूंनी पन्हळ लावायचं कोटेशन देत होते, मागच्या बाजूला फणस आहे, त्याची पानं वर्षभर कौलांवर पडतात, ती कटकट उगाच कशाला घ्यायची. पुढचं पाखं मोकळं, वर झाड नाही, तेवढंच घेतलं.

हा हिशोब करताना मला सारखी कान्हेरीची लेणी आठवत होती. शाळेची सहल गेली होती, तिथे जवळजवळ प्रत्येक लेण्याबाहेर कातळात कोरलेलं पाण्याचं टाकं आहे आणि डोंगरावरून पाणी आणायला दगडात खोदलेल्या पन्हळी आहेत. तिथल्या शिलालेखांत या टाक्यांना पोढी म्हटलंय. सहलीला आम्ही नुसते डोकावून पुढे गेलो होतो. त्या भिक्षूंनी पण असेच कोरडे दिवस मोजले असतील ना.

आता खरी अडचण. आमचं जुनं कौलारू घर, वळचण जमिनीपासून जेमतेम सात फुटांवर. टाकी साडेसहा फूट उंच, तिच्यावर गाळणीचं पिंप, म्हणजे पन्हळीतून पाणी टाकीत उतरणारच नाही. जमिनीत पुरायची तर खाली कातळ, फोडायचा खर्च वेगळा. शेवटी नवऱ्याने सुचवलं की अंगणाच्या खाली जो टप्पा आहे, चार फूट खोल, तिथे बांधू, पाणी आपसूक उतरेल. जागा अगदी मनासारखी होती पण ती सामायिक. नमुना आठला (ग्रामपंचायतीतल्या घर-जागेच्या नोंदीला) अजूनही तिन्ही भावांची नावं आहेत, माझे सासरे वारले, मधले काका भांडुपला, धाकटे ठाण्याला.

फोनवर हा विषय काढायचा नाही हे आम्ही ठरवलं होतं. जमिनीचा विषय फोनवर निघाला की बिनसतोच. म्हणून शिमग्याची वाट बघितली. २०२५ ला १४ मार्चला धुळवड होती, दोन्ही काका सहकुटुंब आले, पालखी घरी येऊन गेली, जेवणं झाली, आणि मग ओटीवर नवऱ्याने विषय काढला. धाकट्या काकांनी सरळ विचारलं, "उद्या वाटणी झाली तर टाकी कोणाची?" मला आधी वाईट वाटलं, पण नंतर विचार केल्यावर वाटलं की प्रश्न रास्त आहे, तो त्या दिवशी निघाला हेच बरं झालं. मधल्या काकी एवढंच म्हणाल्या की आम्ही मे महिन्यात पोरांना घेऊन येतो ते दोन बादल्या पाण्यासाठी भांडत बसतो, टाकी झाली तर सगळ्यांचंच भलं आहे. शेवटी लिहून काढलं, की टाकीचा खर्च आमचा, टाकी आमची, वाटणी झालीच तर तेवढी जागा आमच्या हिश्श्यात धरायची, आणि काका मंडळी गावी असतील तेव्हा पाण्यावर त्यांचाही हक्क. १७ मार्चला सोमवारी देवरुखला जाऊन स्टॅम्पवर टाइप केलं, नोटरी केली. पूर्वी शंभरचा स्टॅम्प चालायचा, आता पाचशेचा घ्यावा लागतो, ते धरून चाला. आणि आधार कार्डाच्या झेरॉक्स सगळ्यांच्या दोन-दोन काढून ठेवा, आम्हाला त्यासाठी परत बाजारपेठेत चकरा झाल्या.

२४ मार्चला ग्रामपंचायतीत अर्ज दिला. पदाचं नाव आता ग्रामपंचायत अधिकारी झालंय पण आम्ही सगळे ग्रामसेवकच म्हणतो. घरगुती टाकीला परवानगी लागते की नाही यावर तिथे दोन माणसांची दोन मतं होती, मी म्हटलं लागो न लागो, कागद हातात असलेला बरा. अर्जाला जोडलं काय काय तर नमुना आठचा उतारा, संमतीपत्राची झेरॉक्स, जागेचा हाताने काढलेला नकाशा आणि चालू वर्षाची घरपट्टी भरल्याची पावती. घरपट्टीची थकबाकी असेल तर आधी ती भरा, नाहीतर अर्ज तिथेच अडतो. एप्रिलच्या मासिक सभेत विषय आला आणि ना हरकत मिळाली. त्याच दिवशी अनुदानासाठी पण वेगळा अर्ज दिला होता. वैयक्तिक टाकीला या वर्षीच्या आराखड्यात तरतूद नाही असं तोंडी सांगितलं, लेखी उत्तर अजून आलेलं नाही. तीनदा विचारून आले. माझ्या प्रतीवर आवक क्रमांकाचा शिक्का आहे, त्याच्या जोरावर परत विचारणार आहे. तुम्ही पण कुठलाही अर्ज द्याल तर आपल्या प्रतीवर शिक्का घेतल्याशिवाय खुर्चीवरून उठू नका.

प्लास्टिकची टाकी का नाही घेतली असं सगळे विचारतात. एक तर एवढी मोठी टाकी घेऊन ट्रक वाडीपर्यंत येतच नाही, शेवटचा रस्ता पाखाडीचा आहे. फेरोसिमेंटची (लोखंडी जाळीवर सिमेंटचा पातळ थर दिलेली) टाकी जागेवर बांधता येते, सामान डोक्यावरून आणता येतं, आणि भिंत जेमतेम दीड इंच जाड असून वीस हजार लिटर पाणी धरते. ओळखीतून एक मिस्त्री मिळाले ज्यांनी अशा सात-आठ टाक्या केल्या होत्या. मी त्यातल्या दोन जाऊन बघितल्या, एकीला सहा वर्षं झाली होती. साधा विटांचा मिस्त्री धरू नका, हे काम वेगळं आहे.

काम सुरू झालं २१ एप्रिल २०२५ ला. बारा फूट व्यास, साडेसहा फूट उंची. एक फूट खणल्यावर कातळच लागला, मिस्त्री खूश, म्हणाले, "वहिनी, पाया देवाने भरून ठेवलाय." त्यावर चार इंच काँक्रीट. मग आठ एमएमच्या सळ्यांचा पिंजरा, त्याला वेल्डमेश आणि आतून-बाहेरून कोंबडी जाळी, तारेने बांधत जायची. पिंजरा उभा राहिला तेव्हा तो मोठ्ठ्या कणगीसारखा दिसत होता, आई रोज संध्याकाळी येऊन त्याला हात लावून बघायच्या. प्लास्टरच्या दिवशी आतून एक जण पत्रा धरायचा आणि बाहेरून दुसरा माल दाबायचा, सिमेंट-वाळूचं एकाला तीन प्रमाण, जाळीचा एकही डोळा रिकामा राहता कामा नये, जिथे पोकळी तिथे पुढे गंज आणि गळती. वाडीतली आठ-दहा माणसं वाळू वाहायला आली होती, त्यांचं जेवण आमच्याकडे, पैसे कोणी घेतले नाहीत.

आणि इथे माझी सगळ्यात मोठी चूक. काम एप्रिलमध्ये काढलं. या भिंती पातळ, त्यांना किमान चौदा दिवस ओलं ठेवावं लागतं, गोणपाट गुंडाळून दिवसातून चार-पाच वेळा पाणी, आणि एप्रिल-मेमध्ये आमच्याकडे पाणी कुठलं? दोन टँकर विकत घेतले, प्रत्येकी पाच हजार लिटरचे, १,८०० रुपयाला एक, खालच्या रस्त्यावरून नळी लावून वर चढवले. वाडीत लोकांना प्यायला नाही आणि आपण भिंतीवर पाणी मारतोय हे मला रोज टोचायचं, म्हणून एका टँकरमधलं थोडं पाणी शेजारच्या तीन घरांना दिलं. तुम्ही करणार असाल तर दिवाळी झाल्यावर काम काढा, नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये, विहिरीला भरपूर पाणी असतं, मिस्त्री पण मोकळे असतात. त्यासाठी कागदपत्रं गणपतीत उरका, सगळे भाऊबंद तेव्हाही येतातच.

घुमटाचं झाकण ८ मेला झालं, आतलं शेवटचं घोटाईचं काम १८ मेला. पन्हळ जून उजाडल्यावर लावू, पाऊस काय सात-आठ जूनशिवाय येत नाही, असा आमचा सगळ्यांचा हिशोब. आणि २० मेपासूनच पाऊस सुरू झाला, तो काही थांबेचना. २५ मेला मान्सून तळकोकणात आल्याचं हवामान खात्याने जाहीर केलं, नेहमीपेक्षा दहा-बारा दिवस आधी. माझ्या डोळ्यासमोर वळचणीवरून पागोळ्यांच्या जाड धारा अंगणात पडतायत, खाली रिकामी टाकी उभी आहे आणि पन्हळ अजून चिपळूणच्या दुकानात. आईंनी घरातली सगळी पातेली, घमेली, बादल्या पागोळ्यांखाली ओळीने मांडल्या. मुलगा भरलेल्या बादल्या नेऊन टाकीत ओततोय. किती ओतणार, पण त्या दिवशी कोणाला घरात बसवेना.

पन्हळ आली ४ जूनला. सहा इंची पीव्हीसी पाइप उभा अर्धा कापून केलेली, बत्तीस फूट लांब. तिला उतार द्यायचा तो शंभर फुटाला एक फूट, म्हणजे आमच्या लांबीला सुमारे चार इंच, पारदर्शक नळीत पाणी भरून लेव्हल काढली. क्लॅम्प दर दोन फुटांवर, दुकानदार तीनवर सांगतात पण आमच्याकडचा पाऊस तीनला मानत नाही. आणि जोराच्या सरीत कौलांवरचं पाणी एवढ्या वेगाने येतं की पन्हळीवरून उडी मारून पुढे पडतं, ते पहिल्याच आठवड्यात दिसलं, मग पन्हळीच्या बाहेरच्या काठाला चार इंचाची पत्र्याची पट्टी उभी लावली, तेव्हा बंद झालं.

पहिल्या पाण्याबद्दल जरा सविस्तर सांगते कारण माझ्या मते सगळ्या टाकीत हाच भाग महत्त्वाचा आणि याच्याकडेच कोणी लक्ष देत नाही. कौलांवर धूळ, शेवाळ, पक्ष्यांची घाण असते, पाऊस सुरू झाल्यावर पहिल्या पाण्याबरोबर ती सगळी खाली येते, ते पाणी टाकीत जाऊ द्यायचं नाही. मिस्त्रींनी त्यासाठी पाच फूट लांबीचा चार इंची उभा पाइप लावून दिला होता, तो आधी भरतो आणि मग पाणी पुढे टाकीकडे वळतं. मी बादलीने मोजलं तर त्यात तेरा लिटर पाणी मावत होतं. आमच्या ३६ चौरस मीटरवर पहिले दोन मिलिमीटर सोडायचे म्हटलं तर ७२ लिटर होतात! तेराने काय होणार? पाइप काढून तिथे ८० लिटरचं प्लास्टिकचं पिंप बसवलं, तळाला छोटी चावी, ती किंचित उघडी ठेवायची म्हणजे पाऊस थांबला की पिंप हळूहळू आपोआप रिकामं होतं आणि पुढच्या पावसाला तयार. त्या पिंपाच्या तळाशी चार दिवसांत जो काळा चिकट गाळ बसला तो मी मुलाला मुद्दाम दाखवला, बोटभर जाड थर होता, त्यात कौलांचा लाल चुरा, पिसं, मेलेले किडे. हे सगळं प्यायच्या पाण्यात गेलं असतं.

गाळणीच्या पिंपात खडी, बारीक खडी, कोळसा आणि वर बारीक वाळू असे थर आधी भरले होते. पुस्तकी पद्धत ती. पण आमच्या सरीला बारीक वाळूतून पाणी उतरेचना, पिंप तुंबून वरून वाहायला लागलं. तेव्हा बारीक वाळू काढून टाकली, दोन आकारांची धुतलेली खडी, मध्ये कोळसा, आणि तोंडाला नायलॉनची जाळी एवढंच ठेवलं. बाकीचं टाकीत निवळतं, म्हणून चावी तळापासून चार इंच वर बसवलीय.

१२ जूनपासून टाकीत पाणी घ्यायला लागलो. पाच फुटांपर्यंत भरल्यावर छतावरून पाणी येणं बंद केलं आणि काठीने खूण करून ठेवली, दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला बघितलं तर पाणी दोन इंच खाली. रात्री मला झोप लागली नाही. दोन इंच म्हणजे पाचशेच्या वर लिटर एका दिवसात. टॉर्च घेऊन फिरलो तर भिंत आणि तळ जिथे जुळतात तिथे एका बाजूला ओल दिसली. मिस्त्री आठ दिवसांनी आले (भातलावणीचे दिवस, माणूस मिळत नाही), सगळं पाणी सोडून द्यावं लागलं, सांधा व्ही आकारात खोदून परत भरला, २,२०० रुपये गेले. पाणी सोडलं त्याचं वाईट वाटलं पण खरं तर नव्या सिमेंटमधलं पहिलं पाणी तसंही सोडायचंच असतं, त्याला सिमेंटची चव आणि खार असतो. म्हणून सांगते, पहिली भरण ही टाकी धुवायला आणि गळती बघायला, असं आधीच मनाशी धरा.

पक्की भरण ५ जुलैला सुरू केली आणि २६ जुलैला टाकी काठोकाठ. त्यानंतरचं सगळं पाणी जादा पाण्याच्या पाइपातून खाली विहिरीच्या वरच्या अंगाला खणलेल्या खड्ड्यात सोडलंय.

आता पाणी प्यायचं तर तपासून घ्यायला हवं. बाटली घरची चालत नाही, जंतू तपासणीची निर्जंतुक बाटली प्रयोगशाळेतूनच आणायची, भरताना चावी दोन-तीन मिनिटं वाहू द्यायची, बाटलीच्या तोंडाला हात लावायचा नाही आणि बर्फाच्या डब्यात ठेवून त्याच दिवशी पोचवायची. रासायनिक तपासणीला वेगळा कॅन. ४ ऑगस्टला दिलं, ११ ला रिपोर्ट. पीएच (पाण्याचा आम्ल-अल्कपणा) ९.१ आणि कोलिफॉर्म जंतू आढळले. पिण्याच्या पाण्याचा पीएच साडेसहा ते साडेआठमध्ये पाहिजे. मी रिपोर्ट हातात घेऊन एसटी स्टँडवर बसून राहिले, एवढं करून पाणी प्यायचं नाही तर मग काय. प्रयोगशाळेतल्या ताईंनी मात्र नीट समजावलं, की पीएच नव्या सिमेंटमुळे आहे, आपोआप उतरेल, जंतू कुठून येतात ते शोधा. घरी येऊन शोधलं तर जादा पाण्याच्या पाइपाची जाळी निसटली होती आणि आत पाल. जाळी दुहेरी केली, तारेने आवळली, झाकणाला रबर लावून कुलूप घातलं. आरोग्य सेविकेने टीसीएल पावडर (जंतू मारायची क्लोरीनची पावडर) दिली, हजार लिटरला पाच ग्रॅम, म्हणजे आमच्या टाकीला शंभर ग्रॅम. ती तशीच टाकायची नाही, बादलीत कालवून निवळू द्यायची आणि वरची निवळ ओतायची. नंतर गावच्या जलसुरक्षकाकडून ओटी टेस्ट करून घेतली, पाणी हलकं पिवळं झालं म्हणजे क्लोरीन आहे. २२ सप्टेंबरला परत नमुना दिला, पीएच ८.३, कोलिफॉर्म नाहीत. तरी प्यायचं पाणी आम्ही उकळूनच घेतो.

आई पहिला तांब्या प्यायल्या आणि म्हणाल्या याला चवच नाय. खरंच नाहीये, पावसाच्या पाण्यात क्षार जवळजवळ नसतात, सवय व्हायला पंधरा दिवस लागले. पण तुरडाळ शिजायला निम्मा वेळ, आणि साबणाला फेस एवढा की कपडे धुताना साबण कमी घ्यावा लागतो.

खर्च सगळा वहीत आहे तो तसाच देते. चिरे, खोदाई आणि पाया ९,५००, सिमेंट ३० गोणी ११,४००, वाळू-खडी ९,८००, सळी आणि जाळ्या १९,६००, मजुरी ३४,०००, दोन टँकर ३,६००, पन्हळ-पाइप-क्लॅम्प ७,४००, दोन्ही पिंपं आणि गाळणीचं सामान २,९००, पाणी वरच्या जुन्या पाचशे लिटरच्या टाकीत चढवायला छोटा पंप ३,४००, गळतीची दुरुस्ती २,२००, आणि स्टॅम्प, नोटरी, झेरॉक्स, एसटी मिळून १,३५०. एकूण १,०५,१५०. लिटरला सव्वापाच रुपये पडले. चाळीस हजार बचत गटातून उचलले, शेकडा एक रुपया महिना व्याजाने, बाकी आंब्याचे आणि घरातले. रक्कम आमच्यासाठी मोठी आहे, मला त्याची भीती वाटत होती हे कबूल करते. पैसे कमी असतील तर निम्मी टाकी बांधा, दहा हजार लिटरची, आणि ती फक्त पिण्या-स्वयंपाकाला ठेवा, कपडे बाहेर धुवा. त्यानेही बाईच्या डोक्यावरचे निम्मे हंडे उतरतात.

या वर्षी विहीर बरोबर १० मार्चला तळाला गेली. त्या दिवशी टाकीची चावी पहिल्यांदा रोजच्या वापराला उघडली. नवऱ्याने एक बांबूची काठी केलीय, तिच्यावर दर फुटाला लाल रंगाची रेघ, एक फूट म्हणजे ३,२०० लिटर, आमच्या हिशोबाने सोळा दिवस. दर सोमवारी आई स्वतः झाकण उघडतात, काठी सोडतात, ओली खूण कुठवर आली ते अंगठ्याने धरून ठेवतात आणि कॅलेंडरवर लिहायला मला हाक मारतात. दुसऱ्या कोणाला काठी घेऊ देत नाहीत. मार्चअखेर एका आठवड्यात जरा जास्त उतरलं तर मुलाच्या आंघोळीच्या बादलीवरून घरात चौकशी झाली होती.

आज ३० एप्रिल. सोमवार नाहीये पण मी हे लिहितेय म्हणून आईंनी मुद्दाम काठी घातली. सव्वातीन फूट. तळाचे चार इंच सोडले तरी अजून शेहेचाळीस दिवस जातात, म्हणजे जूनचा तिसरा आठवडा उजाडेल. त्यांनी तेवढं ऐकलं, काठी कोपऱ्यात उभी केली आणि शेजारच्या आजींची रिकामी कळशी चावीखाली लावली.